केसांची एकच रांग

हाकोबे ओळखायला मला भिंग लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण सध्या गावात माझ्या डोळ्यांविषयी बरंच बोललं जातंय.

हाकोबे म्हणजे खरं तर तण. लॉनवर, सातूच्या शेतात, देवळाच्या पायऱ्यांच्या फटीत, जिथे जागा मिळेल तिथे जमिनीलगत पसरते. पानं लहान, टोकाला निमुळती, आणि फूल भाताच्या दाण्याएवढं पांढरं. कोणीही म्हणेल, अशी शंभर तणं असतात. म्हणून दांडी बघायची. एक दांडी बोटांत धरून उजेडाकडे फिरवली की तिच्यावर बारीक पांढऱ्या केसांची एकच रांग दिसते, एकाच बाजूला. पेरापाशी पोचली की ती रांग बाजू बदलते आणि पुढच्या पेरापर्यंत दुसऱ्या बाजूने चढते. दुसऱ्या कुठल्या तणाचा असा शिस्तीचा कारभार मी पाहिलेला नाही.

तिची एक सोंग घेणारी बहीण आहे, निळी हाकोबे. फुलं येईपर्यंत ती हुबेहूब हिच्यासारखी दिसते. पण तिची दांडी चौकोनी आणि गुळगुळीत असते आणि पानाच्या पाठीवर काळे ठिपके असतात. ती विषारी आहे. पोटात गेली तर माणूस पोट धरून बसतो.

सात जानेवारीला आमच्याकडे घरोघरी सात कोवळ्या भाज्यांची पेज करतात आणि त्या सातांत हाकोबे लागतेच. पूर्वी बायका सकाळी टोपली घेऊन बांधावर जात. आता शहरातल्या लोकांना मुळ्याचा पाला आणि गवत यांतला फरक कळत नाही, म्हणून हमरस्त्यावरच्या शेतमाल केंद्रात सातही भाज्यांची तयार पाकिटं मिळतात. बारा वर्षांपूर्वी एका पाकिटात निळी हाकोबे गेली आणि एक गृहस्थ इस्पितळात पोचले. तेव्हापासून केंद्राचे व्यवस्थापक ओगाता-सान यांनी नियम केला की प्रत्येक पाकीट एका जाणत्या माणसाने बघायचं आणि त्या माणसाचं नाव पाकिटावर लावायचं. ते नाव माझं होतं. ‘पारख: त्सुजिमारु इत्सुयो.’ मला मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून त्सुजिमारु हे नाव दोनच ठिकाणी उरलं होतं, माझ्या दाराच्या पाटीवर आणि या पाकिटांवर. दाराची पाटी कोण वाचतंय? पाकिटावरचं नाव मात्र दर जानेवारीला शेकडो घरांत जायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू.

सुमिए माझी शेजारीण. सेहेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच वसंतात लग्न होऊन या गावात आलो. ती बंदरावरची, कोळ्यांची पोर. तिला चाळीस मासे ओळखता येत होते आणि पान एकही नाही. पहिल्या वर्षी तिच्या सासूने हाकोबे आणायला पाठवलं तर ही टोपलीभर भलतंच गवत घेऊन आली आणि सासूने ते कोंबड्यांपुढे टाकलं. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही. ती रडत माझ्या मागच्या दाराशी आली तेव्हा मी तिला दांडी उजेडाकडे धरायला शिकवलं. “कुठे केस? मला तर काहीच दिसत नाही,” असं ती आठ दिवस म्हणत होती. नवव्या दिवशी दिसले, तेव्हा बाईने आनंदाने मला मिठी मारली. आमच्याकडे कोणी कोणाला मिठी मारत नाही. कोळ्यांच्यात मारत असतील.

तेव्हापासून ती मला इत्सु म्हणते आणि मी तिला सुमि. तिच्या शेतातला सातू आम्ही दोघींनी तुडवायचा, माझ्या शेतातलाही दोघींनीच. जानेवारीच्या शेवटी कोवळा सातू पायाखाली दाबावा लागतो, म्हणजे मुळं घट्ट धरतात आणि पीक जोमाने उठतं. हात पाठीमागे बांधून, खांद्याला खांदा लावून, एक एक पाऊल आडवं टाकत आम्ही दोघी निम्मा गाव चघळून काढायचो.

तिला मी माझी युक्तीही सांगितली होती, जी मी सख्ख्या बहिणीलाही सांगितली नाही. गावचा सातू नोव्हेंबरात पेरतात. मी घरामागे एक पट्टा सप्टेंबरअखेरच पेरते आणि तोही दाट. जानेवारीपर्यंत तो गुडघ्याला लागतो. त्याच्यात उगवलेल्या हाकोबेला ऊन हवं असेल तर उभं वाढावंच लागतं. तिची पेरं लांब होतात, दांडी लुसलुशीत होते, मातीचा कण लागत नाही. तीच हाकोबे लॉनवर उगवली तर बसून वाढते. पेरं आखूड, आणि पेरापेराला मुळं फोडून जमीन धरून ठेवते. भाजी तीच, पण एक उभी वाढलेली आणि एक बसलेली. ज्याने एकदा बघितलं तो दोन्हींत गल्लत करणार नाही.

यंदा डिसेंबरच्या शेवटी बर्फ पडलं आणि माझ्या पट्ट्याची उत्तरेकडची बाजू करपली. ओगाता-सानना तीनशे पाकिटं हवी होती. मी दोनशेवीस म्हटलं. ते म्हणाले, त्सुजिमारु-सान, गिऱ्हाईक परत जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, करपलेल्या भाजीवर मी माझं नाव लावत नाही. चार तारखेला केंद्राच्या शेडमध्ये बसून मी दोनशेवीस जुड्या एकेक करून पाहिल्या. माझी कंबर धरली होती, म्हणून नावाच्या लेबलांचं भेंडोळं सुमिएच्या हातात दिलं आणि घरी येऊन शेगडीपाशी पडून राहिले. पुढचे चार दिवस मी केंद्राकडे फिरकलेच नाही.

आठ तारखेला ओगाता-सान आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शहरातल्या नाकाओ नावाच्या घरात पेज खाऊन सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या होत्या. वय एक्याण्णव. त्यांना इस्पितळात ठेवलं होतं आणि पाकिटावर माझं नाव होतं. मी म्हटलं, हे होणं शक्य नाही. त्यांनी जमिनीकडे बघितलं. त्यांच्या बघण्यातच सगळं आलं.

ते गेले आणि मागच्या दाराने सुमिए आली, मोठाली संत्री घेऊन. तिने चहा केला, माझ्या पायांवर गोधडी टाकली.

“इत्सु, आपल्याकडे कसं असतं तुला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आधी वाकायचं. वाद घातलास तर खरी असलीस तरी खोटी ठरशील. माफी मागितली की आठ दिवसांत सगळे विसरतात.”

“पण मी एकूण एक जुडी बघितलीय.”

“बघितलीस गं. पण वय बाहत्तर, अंधारी शेड, त्यात दुखणारी कंबर. एखादी काडी निसटली असेल. निसटते कधीतरी.”

माझा माझ्यावरचा विश्वास त्या एका वाक्याने डळमळला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण हिच्या तोंडचं ते मला खरं वाटलं. आणि आमच्याकडची रीतही तीच आहे. आधी डोकं टेकायचं, मग चूक कोणाची ते बघायचं. मी दौत-कुंचला काढला आणि मोठ्या अक्षरांत माफीनामा लिहिला. ‘माझ्या नजरचुकीमुळे’ असे शब्द त्यात होते, आणि तेही सुमिएनेच सुचवले होते. ओगाता-साननी तो केंद्राच्या दारात लावला.

दुसऱ्या दिवशी मिठाईचा खोका घेऊन मी नाकाओंकडे निघाले. बसथांब्यावर सुमिए काळा कोट घालून उभी होती. “एकटीला कशी जाऊ देईन?” म्हणाली. मला तिथेच रडू आलं. सख्खी माणसंही अशा वेळी काम काढून पळतात, आणि ही शेजारीण माझ्या चुकीसाठी डोकं टेकायला येते, असं मला वाटलं. बसमध्ये मी तिचा हात धरून बसले होते. आता तो हात आठवला की माझाच हात धुवून काढावासा वाटतो.

नाकाओ-सान पन्नाशीची, किडकिडीत, मर्यादशील बाई होती. तिने आम्हांला चटईवर बसवलं. आम्ही दोघींनी कपाळ चटईला टेकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसतीच थकलेली दिसत होती. म्हणाली, सासूबाईंना पेज थोडी कडू लागली होती, पण सणाची पेज टाकू नये म्हणून त्यांनी सगळी संपवली. आता डॉक्टर विचारतायत की खाल्लेली वनस्पती नेमकी कोणती, त्याप्रमाणे औषध देता येईल. मग ती उठली आणि फ्रिजमधून एक पाकीट घेऊन आली. तिने दोन घेतली होती, त्यांतलं हे न उघडलेलं. ते तिने मेजावर ठेवलं आणि मला विचारलं, यातलं विषारी कोणतं ते सांगाल का?

माझं डोकं वर येण्याआधी सुमिएचं आलं. “छे, छे, हे तुमच्या डोळ्यांपुढेही नको,” ती अगदी मायेने म्हणाली. “आम्हीच घेऊन जातो.” आणि तिने हात पुढे केला.

पण पाकीट माझ्या बाजूला होतं. डॉक्टरांना उत्तर हवं होतं, आणि ते देणं माझं काम होतं. मी ते फोडलं, हाकोबेची जुडी सोडली आणि एक दांडी खिडकीच्या उजेडाकडे धरली. केसांची रांग होती. पेरापाशी तिने बाजू बदलली. दुसरी दांडी घेतली, तिसरी घेतली, सगळी जुडी पाहिली. चौकोनी दांडी एकही नाही, काळा ठिपका एकही नाही. सगळी शुद्ध हाकोबे होती. मला इतकं हलकं वाटलं की त्या दुखवट्यासारख्या खोलीत मी हसायचीच बाकी होते.

मग मी पेरांकडे बघितलं. बोटाच्या अर्ध्या कांड्याएवढी आखूड. प्रत्येक पेराला पांढरी मुळं फुटलेली, खुडून टाकायचा प्रयत्न केलेली, तरी त्यांची खुंटं शिल्लक. पानांच्या कडा पिवळ्या पडून आत वळलेल्या. आणि दोन दांड्यांच्या मध्ये अडकलेली एक वाळक्या, गवती रंगाची बारीक पात. माझा सातू जानेवारीत हिरवागार असतो. हिवाळ्यात असं वाळून पडतं ते लॉनचं गवत.

आमच्या पंचक्रोशीत लॉन एकाच ठिकाणी आहे, डोंगरामागच्या गोल्फच्या मैदानावर. तिथलं गवत सांभाळायला सुमिएचा मुलगा कोसाकु असतो. डिसेंबरात तिथे तणनाशक मारलं, त्याच्या जाकिटाचा वास तीन धुण्यांनंतरही जात नाही, हे मला सुमिएनेच संत्री सोलता सोलता सांगितलं होतं.

मी शेजारी बघितलं. तिने पुन्हा कपाळ चटईला टेकवलं होतं. तिचे कान लालभडक झाले होते. सेहेचाळीस वर्षं मी ते कान ओळखते. सासू रागावली की ते असेच व्हायचे.

त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. उरलेली लेबलं, कमी पडलेली ऐंशी पाकिटं, मायेचा चहा, ‘एखादी काडी निसटली असेल’, काळा कोट. ती माझ्याबरोबर वाकायला आली नव्हती. नाकाओंच्या घरात पुरावा उरला असेल तर तो उचलायला आली होती.

“नाकाओ-सान,” मी म्हटलं, “डॉक्टरांना आत्ता फोन करा. भाजी हाकोबेच आहे, विषारी नाही. पण ती माझ्या शेतातली नाही. लॉनवरची आहे आणि तिच्यावर तणनाशक पडलंय. कोणतं ते गोल्फच्या मैदानावर विचारायला सांगा.”

सुमिएने डोकं वर केलं. माझ्याकडे बघितलं नाही. नाकाओ-सानकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “इत्सुयो-सानना क्षमा करा. वय झालंय त्यांचं. कालपासून असंच काहीबाही बोलतायत. नजरही आता पहिल्यासारखी राहिली नाही.”

इत्सुयो-सान म्हणाली मला ती, एखाद्या परक्या बाईला म्हणावं तसं. तिच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या चटईवर कळलं. नजर मीच तिला दिली होती, आणि ती माझी नजर गेली म्हणून सांगत होती.

नाकाओ-सान शहाणी बाई निघाली. तिने वाद घातला नाही, कोणावर विश्वास ठेवला तेही बोलली नाही, उठून सरळ फोन केला. औषध बदललं. चौथ्या दिवशी म्हातारी घरी आली. ते तेवढं चांगलं झालं.

माझं मात्र काही भलं झालं नाही. मी ती जुडी ओगाता-सानपुढे नेऊन ठेवली आणि विचारलं, दोनशेवीसची तीनशे कशी झाली? ते म्हणाले, सुमिए-साननी सांगितलं की तुमचं मन वळलं, तुम्ही घरी बसून आणखी ऐंशी जुड्या पाहून दिल्यात. त्यांनी चष्मा लावला, पेरं पाहिली, वाळकी पात पाहिली. त्यांना पटलं होतं, मला दिसत होतं. पण ते म्हणाले, “तुमचं खरं असेलही. पण माफीनामा तुम्हीच लिहिलात, तुमच्याच अक्षरात. आता काढला तर लोक विचारतील, मग कोण?”

“विचारू दे की.”

“सुमिए-सान सभेत आपणहून बोलल्या तर बघता येईल,” ते म्हणाले, आणि जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत दिली.

सभा झाली. सुमिए तिसऱ्या रांगेत बसली होती. ती बोलली नाही. पुढच्या वर्षी पाकिटावर कोणाचंच नाव नसेल असं ठरलं, आणि माफीनामा महिनाअखेरपर्यंत दारात राहू द्यायचा असंही ठरलं.

जानेवारीच्या अखेरीस मी एकटीच सातू तुडवायला लागले. दुसरी ओळ चालू असताना बांधावर सुमिए आली. रबरी बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून, दरवर्षीसारखी. मी थांबले नाही. ती बांधावरून माझ्याबरोबर चालत बोलत राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ओगाता-सान मागे लागले होते, तिच्या तोंडून हो निघून गेलं, कोसाकु म्हणाला की त्या बाजूला औषध मारलेलं नाही, तिने भाजी तीन पाण्यांतून काढली होती. कोसाकुची नोकरी अजून कायम झालेली नाही. मैदानावरची वनस्पती त्याने बाहेर नेऊ दिली हे कळलं तर त्याला त्याच दिवशी काढतील.

“सभेत सांग,” मी म्हटलं.

“मी तुझ्याबरोबर वाकले नव्हते का?”

“पाकीट उचलायला आली होतीस.”

 ती बांधावरून खाली उतरली आणि माझ्या बाजूच्या ओळीत उभी राहिली. हात पाठीमागे बांधले.

“तुडवलं की सातू जोमाने उठतो, असं तूच म्हणतेस,” ती म्हणाली. “तूही उठशील, इत्सु. तुझं नाव मोठं आहे. त्या पोराचं अजून काहीच नाही.”

“मी सातू नाही, सुमिए. माझ्या शेतातून बाहेर हो.”

असं मी आजवर कुणालाही म्हटलेलं नाही, शेजाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा नाही. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. बहुतेक वाट बघत होती की मी हसेन. मी हसले नाही. मला तिची कीव आली, तेही सांगते, आणि त्या कीवेचा मला जास्त राग आला.

ती वळली. बांधावर चढताना तिच्या बुटापाशी हाकोबेचा एक झुपका होता. ती वाकली, एक दांडी खुडली आणि तशीच उभी राहून उजेडाकडे धरून बोटांत फिरवली. मुद्दाम नाही, हाताची सवय. एक पेर बघितलं, रांगेने बाजू बदलली ती बघितली, मग पुढचं पेर बघितलं. त्याची लांबी बोटाने मापली. मी शिकवलं होतं अगदी तस्सं, एकही पायरी न गाळता.

तोवर माझ्या मनात एक फट उरली होती. कदाचित तिला फरक कळला नसेल, कोळ्यांची पोर, घाईत असेल, असं मी स्वतःला समजावत होते. तिचा हात बघितला आणि ती फटही बुजली. त्या दिवशी जुड्या बांधताना तिने प्रत्येक दांडी अशीच उजेडाकडे धरली असणार. आखूड पेर बघितलं असणार, मुळाचं खुंट बघितलं असणार, ते नखाने खुडलं असणार. आणि मग त्यावर माझं नाव चिकटवलं. एकदा नाही, ऐंशी वेळा.